धानाच्या मुलखात एक कॅमेरा, एक लेन्स

समोरचं काम ज्याला समजतं त्यालाच त्या कामाचा फोटो नीट काढता येतो, असं माझं गेल्या काही वर्षांत पक्कं मत झालं आहे. छंद म्हणून कॅमेरा घेतलेले आम्ही नागपूरकर सुट्टी मिळाली की ताडोब्याच्या जिप्सीत बसतो. वाघ दिसला तर आनंद, नाही दिसला तर पुढच्या सुट्टीची वाट. त्यात आनंद आहेच. पण हात आणि नजर तयार व्हायची तर रोज तासन्‌तास समोर चालणारं, पुन्हा पुन्हा होणारं काहीतरी हवं. ते पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत डिसेंबरमध्ये गावोगाव असतं. धान चुरणं (मळणी) सुरू असतं, तलावात जाळी पडत असतात, हातमाग खडखडत असतात आणि रात्री नाटकं रंगतात. मावशीचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, त्यामुळे मुक्कामाची सोय होती.

सामान मुद्दाम कमी घेतलं. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा कॅमेरा आणि ३५ मिमीची एकच लेन्स. या सेन्सरवर तिची चौकट फुल फ्रेमवरच्या साधारण ५२ मिमीएवढी पडते, म्हणजे फार रुंद नाही, फार लांबचंही नाही. झूम नसली की पाय हलवावे लागतात, आणि पाय हलले की माणसांशी बोलावं लागतं. मला तेच हवं होतं.

गुरुवार : आंधळगाव

नागपूरहून भंडारा, तिथून मोहाडीच्या बाजूला आंधळगाव. हे कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडासाठी ओळखलं जाणारं विणकरांचं गाव. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या अळीचा हा कोसा, आणि त्याच्या धाग्याला मुळातच मधासारखा सोनेरी रंग असतो.

एका ओळखीतून एका घरी गेले. खोलीत खड्ड्याचा माग, एक छोटी खिडकी, छपरात एक काचेचं कौल. बाकी अंधार. कॅमेरा बाहेर काढला तर विणकर काका म्हणाले, "फोटो काढाचा आहे तं काढा जी, पन आधी बसून पाहा."

बसले. अर्धा तास तरी नुसती बसले असेन. पाय पट्टी दाबतो, ताण्याचे उभे धागे वरखाली होऊन मधे फट पडते, हात दोरीला झटका देतो, आडवा धागा नेणारा धोटा त्या फटीतून पलीकडे जातो, मग फणी पुढे येऊन तो आडवा धागा, म्हणजे बाणा, ठोकते. पाय, हात, धोटा, फणी. ही लय एकदा कानात बसली की डोळे मिटूनही सांगता येतं, आत्ता धोटा कुठे आहे ते. शटर दाबायचं ते कानाने, हे तिथे कळलं. डोळ्याला धोटा दिसून बोट हलेपर्यंत तो पलीकडे पोचलेला असतो.

मग दोन तऱ्हांनी फोटो घेतले. पहिल्यांदा लेन्सचं छिद्र मोठं उघडून एफ/२, सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता म्हणजे आयएसओ १६०० आणि शटर सेकंदाच्या १/१२५ भागावर. काकांचे हात, कपाळावरची आठी, बोटाच्या पेरांवरचे घट्टे सगळं स्वच्छ आलं, पण माग थांबलेला वाटला. मग आयएसओ २००वर आणला, शटर १/१५वर, कोपर दाराच्या खांबाला टेकवलं आणि श्वास सोडता सोडता दाबलं. आता खोली, माग आणि काकांचा चेहरा स्थिर, आणि हातांच्या मधे धोट्याची एक फिकट रेघ. खोलीतला आवाज या दुसऱ्या फोटोत आहे.

रंगाचीही गोष्ट सांगायला हवी. उजेडाच्या रंगाचा हिशेब करणारा व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा कोशाचा सोनेरीपणा चूक समजून पुसायला बघतो आणि कापड करडं दिसू लागतं. ज्या कापडाची सगळी ओळख त्याच्या रंगात आहे, त्याचा रंग कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडणं मला पटत नाही. खिडकीतल्या उजेडात पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवला, आणि फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या रूपात, ठेवली म्हणजे घरी गेल्यावर थोडं मागेपुढे करायला वाव राहतो.

काकू दारात बसून कांड्या भरत होत्या. त्यांचा फोटो काढू का विचारलं, तर आधी पदर सारखा केला, मग म्हणाल्या, "काढा, पन मी काम बंद नाही करनार." याहून चांगली परवानगी कुठली!

अंधार पडायच्या आत साकोली गाठायची होती. पूर्व विदर्भात डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो, मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी. सोनेरी उजेडाच्या वेळा ठरवताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. चारला चहा प्यायला बसलं की उजेड गेला.

शुक्रवार : मावशीचं खळं

या दिवसाबद्दल जास्त लिहिणार आहे.

सकाळी साडेसहाला बांध्यांवर, म्हणजे धानाच्या खाचरांवर, गेले. कापणी होऊन गेलेली, धानाचे पुंजणे जागोजागी रचलेले, आणि बांध्यांमधल्या ओलीवर लाखोरी (एक कडधान्य) हिरवीगार पसरलेली. धान उभं असतानाच तिचं बी फेकतात, धान कापलं की ती मोकळी वाढते. वर धुकं. अशा दृश्यात कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर हमखास फसतं. मीटर जे दिसेल ते मध्यम करडं धरून चालतं, म्हणून पांढरं धुकं मळकट येतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ केलं, म्हणजे मीटरपेक्षा जास्त उजेड घेतला, की धुकं धुक्यासारखं येतं. उलट, काळ्या म्हशीने चौकट भरली असेल तर −१ करायचं, नाहीतर ती राखाडी होते. हिस्टोग्राम, म्हणजे गडद-उजळ भागांचा आलेख, बघायची सवय लावली की हे आकडे पाठ करावे लागत नाहीत. उजवीकडच्या कडेला आलेख आपटत नाही ना, एवढं बघायचं.

मावसभावाच्या धुऱ्यावरचं (शेताच्या बांधावरचं) एक मोहाचं झाड मी ठरवून ठेवलं. तिथेच, त्याच जागी उभं राहून सकाळी, दुपारी, संध्याकाळी फोटो घ्यायचे. कुणाही नवशिक्याला मी पहिला अभ्यास हाच सांगेन. सकाळी झाड धुक्यात सपाट दिसतं, दुपारी त्याची सावली आखडते आणि पानं चकाकतात, संध्याकाळी खोडाची साल उठून दिसते. जागा तीच, झाड तेच, त्यामुळे फरक फक्त उजेडाचा उरतो आणि तो पहिल्यांदाच वेगळा काढून बघता येतो.

आता खळं. बहुतेक धान थ्रेशरने निघतं. पण मावशी बियाण्याचं धान अजून हाताने झोडते आणि सुपाने उपणते. यंत्रात दाणा फुटतो, असं तिचं म्हणणं. सकाळी मी तयार होऊन बसले तर ती म्हणाली, "आता कायचं? वारा कोठं आहे?" ऊन चढल्याशिवाय वारा उठत नाही, आणि वाऱ्याशिवाय उपणणं नाही. माझा सगळा सोनेरी उजेड पहाटेचा आणि तिचं काम दुपारचं. मग मी तिच्या घड्याळाने चालायचं ठरवलं.

दुपारचं कडक ऊन फोटोला वाईट, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मी म्हणते, उन्हातून छपरीत या. दुपारी अंगणातलं ऊन सारवलेल्या जमिनीवरून उडून छपरीत येतं, मऊ आणि किंचित उबदार होऊन. शेजारच्या एक आजी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना न हलवता मीच बाजूला सरकले, एवढं की मागचा दोरीवरचा निळा टॉवेल चौकटीबाहेर गेला. चेहरा बघण्याआधी चौकटीच्या चारही कडा बघायच्या, ही सवय मला सगळ्यात उपयोगी पडली आहे. आजींच्या चेहऱ्यावर खालून येणारा तो उजेड स्टुडिओतल्या कुठल्याही दिव्याने मला मिळाला नसता.

तीनच्या पुढे वारा चांगला सुटला. मावशी चौरंगावर उभी राहिली, भरलेलं सूप डोक्याच्या वर नेलं आणि हलकं हलकं झटकू लागली. दाणा सरळ खाली, कोंडा वाऱ्याबरोबर लांब. या दिवसांत वारा बहुधा ईशान्येचा, आणि सूर्य दुपारनंतर नैर्ऋत्येला कललेला. म्हणजे मी वाऱ्याच्या बाजूला, मावशीच्या ईशान्येला उभी राहिले की कोंडा माझ्यापासून दूर उडतो, लेन्सवर येत नाही, आणि सूर्य त्याच्या मागून येतो. एकेक तूस पेटल्यासारखं दिसतं. मागून आलेल्या उजेडात उजळ भाग जपायचा, म्हणून कॉम्पेन्सेशन −१. सूर्य मावशीच्या खांद्याआड लपवला आणि डाव्या हाताची सावली लेन्सवर धरली, म्हणजे धुरकट झाक येत नाही.

शटरवर बराच वेळ घालवला. १/१००० ठेवला तर दाणे हवेत थबकतात, मोजता येतील इतके. १/२५०वर दाण्यांच्या सरी होतात आणि कोंड्याचा ढग मऊ राहतो. १/६०वर मावशीचे हातही पुसट होतात, ते मला नको होतं. मला १/२५० आवडलं. पण कुठल्या क्षणी दाबायचं? सूप भरलेलं असताना ते जड असतं, खांदे आखडलेले असतात. रिकामं होत आलं की झटका जोरात बसतो, पण पडायला काही उरत नाही. मधला थोडाच काळ असा असतो की हात सैल झालेले असतात आणि धारही पूर्ण असते. एकदा हे कळल्यावर मी बर्स्ट, म्हणजे एका दमात अनेक फोटो काढणं, बंद केला आणि एका सुपाला एकच फोटो घेऊ लागले.

रात्री जेवताना, वांग्याची भाजी आणि नव्या तांदळाचा भात, मावशीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे फोटो बघितले. मला आवडलेला एक फोटो तिने झटक्यात पुढे ढकलला. सूर्य, कोंड्याचं वलय, सगळं देखणं होतं त्यात. ती म्हणाली, "इथं दाना पन उडून रायला. असं कोनी उपनते का?" मग एका साध्याशा फोटोवर थांबली. दाण्याची धार सरळ, कोंडा तिरपा, दोघांमधे हातभर रिकामी जागा. "याच्यात वारा दिसते," म्हणाली.

मी कार्यशाळांना गेले आहे, परीक्षकांची मतं ऐकली आहेत. फोटोवरची इतकी नेमकी टीका क्वचितच ऐकली.

शनिवार : सारस

गोंदियाकडे, परसवाड्याच्या बाजूला एक चक्कर. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः या जिल्ह्यात. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच, सहा फुटांच्या आसपास, आणि वावर धानाच्या बांध्यांमध्ये माणसांच्या बरोबरीने. ३५ मिमीच्या लेन्सने सारस चौकटीत बोटभर येतो. जवळ जायचा मोह मी कटाक्षाने टाळते. पक्षी मान वर करून आपल्याकडे बघू लागला की आपण त्याच्या चरण्यात अडथळा झालो, तिथूनच मागे फिरायचं.

तो बोटभर सारस मला मोठ्या सारसापेक्षा मोलाचा वाटला. चौकटीत जोडी आहे, बांधीचा धुरा आहे, मागे तणसाचा ढीग आहे, आणि वरून जाणारी विजेची तारही आहे. ती तार मी मुद्दाम ठेवली. या पक्ष्याला असलेल्या धोक्यांपैकी ती एक आहे. नुसता लाल डोक्याचा सुंदर पक्षी दाखवला तर तो कशात जगतो आहे ते कुणाला कळणार?

रविवार : नवेगावबांध

पहाटे तलावावर. नवेगावचा हा प्रचंड तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. भंडारा-गोंदियातल्या अशा जुन्या तलावांना लोक मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी (पूर्वी जमीनदारांच्या ताब्यातले) या शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळे इथे येणारे बहुतेक जण जंगलाच्या फाटकाकडे वळतात. मी जवळच्या एका गावाच्या मामा तलावाच्या पाळीवर गेले. तिथे ढिवर बांधव सकाळी जाळं टाकतात.

फेकजाळं हवेत पूर्ण गोल उघडतं तो क्षण डोळ्याच्या पापणीइतका. सुरुवातीला सगळे त्या गोलाकडे बघतात. मी एका काकाजींच्या पाठीकडे बघत बसले. जाळं गोळा करून थोडं खांद्यावर, थोडं हातात, मग कमरेपासून अंग उजवीकडे वळतं, एक ठोका थांबतं आणि सुटतं. तो थांबलेला ठोका ही खूण. तेव्हा बोट शटरवर अर्धं दाबून तयार ठेवायचं. फोकस आधीच पाण्यावरच्या एका ठराविक जागी, एफ/८वर, म्हणजे मागेपुढे थोडं हललं तरी चालतं. शटर १/१०००.

काकाजींनी मधेच विचारलं, "कोनत्या गावचे जी तुमी?" सांगितलं. मग म्हणाले, त्या टोकाला उभ्या राहा, तिथून ऊन जाळ्यात अडकते. पाळीच्या वळणावर गेले तर खरंच, जाळ्याचा प्रत्येक धागा थेंबांसकट चमकत होता. रोज इथे उभा राहणारा माणूस उजेडाला माझ्यापेक्षा जास्त ओळखतो. मी तर म्हणेन, कुठेही गेलात तरी कॅमेरा काढायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा की ऊन कुठून येतं आणि कधी जातं.

नंतर एक चौकट धरून ठेवली. डावीकडे पाण्यात अर्धा ओढलेला डोंगा, उजवीकडे पाळीचा उतार, मधली जागा रिकामी. कुणीतरी येईपर्यंत थांबायचं. एक बाई घमेलं घेऊन आली, मग दोन मुलं, मग एक कुत्रं. मुलं फोटोसाठी उभी राहिली तेव्हा त्यांचा तसाही काढला, त्यांना दाखवला, ती पांगली आणि मग हवं ते घडलं. बाई डोंग्यावर हात टेकून मासोळ्या बघायला वाकली आणि रिकामी जागा भरली.

रविवारची रात्र : वडशाच्या बाजूचं नाटक

मावसभाऊ म्हणाला, "ताई, नाटक पाहाल्याशिवाय कशी जातेस?" गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं माहेर. दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव प्रयोग, रात्री दहाच्या सुमाराला पडदा वर जातो तो पहाटेच खाली येतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या भागात घरचं लग्न असल्यासारखा आनंद झाला होता.

मंडळाच्या व्यवस्थापकांना आधी भेटून परवानगी घेतली. फ्लॅश वापरणार नाही, हे मीच सांगितलं. नटाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं मला असभ्यपणा वाटतो, आणि शिवाय त्याने रंगमंचावरचा सगळा उजेडच मरतो.

इथे एक तांत्रिक अडचण हमखास येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर फार वेगवान ठेवला, त्यातून इलेक्ट्रॉनिक शटर वापरला, तर फोटोत आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर आणि १/१००, नाहीतर १/५०, ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. एफ/२, आयएसओ ३२००. मीटरिंग स्पॉटवर, म्हणजे एका छोट्या जागेचाच उजेड मोजायचा, नटाच्या गालावर. पूर्ण रंगमंच मोजला तर मागचा काळा पडदा मीटरला फसवतो आणि चेहरा पांढरा होऊन जातो. १/१०० हा हालचालीला संथ, म्हणून वाक्याच्या शेवटाची वाट बघायची. संवाद संपताना नट क्षणभर थांबतो, टाळीसाठी जागा ठेवतो. ती जागा आपल्यासाठीही असते.

मध्यरात्रीनंतर मी रंगमंचाकडे पाठ केली. हजारभर माणसं ब्लँकेटं, शाली गुंडाळून जमिनीवर बसलेली आणि रंगमंचाचा उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यांवर. एका आईच्या मांडीवर लेकरू झोपलेलं, आईचे डोळे पाण्याने भरलेले, शेजारची म्हातारी तोंडाला पदर लावून हसते आहे. एकाच वाक्यावर एक रडते आणि एक हसते, हे नाटकाइतकंच बघण्यासारखं होतं. आयएसओ ६४०० करावा लागला. फोटोत कण दिसतात, दिसोत. कण नको म्हणून हा फोटो घ्यायचाच नाही, असं मी कधी करणार नाही.

सोमवार : निवड

सकाळी उशिरा उठून फोटो बघायला बसले. निवड हा सरावाचा अर्धा भाग आहे आणि बहुतेक हौशी मंडळी तो टाळतात. मी आधी प्रत्येक कामाचे फोटो लागोपाठ लावते: माग, खळं, जाळं, नाटक. मग प्रत्येकाला एकच प्रश्न. हे काम कधीही न बघितलेल्या माणसाला या फोटोवरून ते कळेल का? या कसोटीवर पुष्कळ देखणे फोटो गळाले. सूर्यास्त सगळे गेले.

मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षं वावरून त्यांचं जगणं टिपणारे सुधारक ओलवे मूळचे आपल्या अकोल्याचे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो बघताना मला नेहमी वाटतं की या माणसाला काम माहीत आहे. कामगार खाली उतरताना शरीराचा भार कुठे टाकतो, हे माहीत असल्याशिवाय ती चौकट दिसत नाही. माझ्या सरावाची दिशा मी तिथून घेतली आहे.

जाताना साकोलीत स्टुडिओतून प्रिंट काढून घेतल्या. ज्यांचे फोटो काढले त्यांना हातात धरता येईल असा कागद द्यायचा, हे मी पाळते. आंधळगावच्या काकूंचा फोटो परतीच्या वाटेवर पोचवला, तलावावरच्या काकाजींचा आणि आजींचा मावसभावाकडे दिला. मावशीने तिचा वाऱ्याचा फोटो मोठा करून मागितला आहे.

निघताना तिने पुढचंही सांगून ठेवलं. जुलैत रोवणीला (भातलावणीला) ये. बाया रोवत रोवत मागे सरकतात, तेव्हा पाठीमागे उभी राहू नकोस, वाकलेल्या कमराच दिसतील. समोरच्या धुऱ्यावर थांब, आणि गाणं सुरू झाल्यावरच कॅमेरा काढ, कारण गाणं लागलं की कोणी तुझ्याकडे बघणार नाही. वाकलेल्या चेहऱ्यांवर वरून उजेड येत नाही, तो पाण्यावरून उडून येईल, म्हणजे ढगाळ दिवस चालेल की थोडं ऊन हवं, हे तिथेच बघावं लागेल. त्याआधी कॅमेऱ्याला पावसाचं कव्हर घ्यायचं आहे आणि मला गुडघ्याएवढे बूट.